मावशीच्या भिताडावरचे गेरूचे बोटं

लग्न होऊन मी इथं आली तवा पयल्यांदा मावशीचं भिताड पाह्यलं, अन् मले वाटलं का हे बाई लय दूध पेत असन. आमच्या माहेरी दूधवाला माप टाकून गेला का माय गेरूत बोट बुडवे अन् भिताडावर एक ठिपका लावे, म्हंजे किती दिवस दूध आलं ते ध्यानात राहे. मावशीच्या वसरीचं भिताड त वरपासून खालपावतर लाल ठिपक्यायनं भरून गेलं होतं. मी सासूले हळूच विचारलं का मावशी एकटीच राह्यते अन् एवढं दूध पेते तरी कोन. सासू इतकी हासली का हातातली परात खाली पडली. मंग बाहीर जाऊन तिनं मावशीलेच सांगून टाकलं. मले वाटलं आता भूमीनं पोटात घ्यावं. मावशीनं मान वर केली नाई, मेथी निवडता निवडताच म्हने, "दूध नाई वं पोरी, गाने हायेत ते. रेडिओवाले रोज तेच ते पाजून राह्यले मले."

कौसल्यामावशी आमची नात्यानं कोनी नाई. घराले घर लागून, मधात एकच भिताड, तिकडं कोनी खोकललं तरी इकडं आयकू येते. शेलूबाजारापासून उलसंक दूर आमची भाजीवाल्यायची वस्ती हाये. मावशीचं घरामांगंच उलसं वावर, त्याच्यात मेथी, पालक, हिरवा सांबार, मुये. नवरा कवाचाच गेलेला, पोरगा पुन्याकडं कंपनीत. सकायी भाजी तोडनं, दुपारून वसरीत पाय लांब करून जुड्या बांधनं, अन् बाजूले उलट्या टोपल्यावर रेडिओ. त्या रेडिओचं मांगचं झाकन हरपलं होतं, सेल खाली पडू नाई म्हनून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवयून ठेवली होती. टोपल्याच्या बाजूले गेरूची वाटी.

मावशीले लिहिता वाचता येत नोतं, म्हनून दर गान्याचं तिनं एक चित्र काढलं होतं भिताडावर. एका गान्याचा मोर, एकाची बांगडी, एकाची नाव, एकाचे नुसते दोन डोये. गानं लागलं का त्याच्या चित्राखाली एक बोट. गानारीनं तोंड उघडाच्या आधीच, नुसती पेटी वाजली का मावशीचं बोट वाटीत जाये. वस्तीतले पोट्टे रस्त्यानं जाता जाता वरडत, मावशी मोर आला, मावशी बांगडी आली. मावशी त्यायले मुया फेकून मारे अन् मंग म्हने, आना इकडं तो मुया, इकाचा हाये.

रेडिओवर बोलनारी जे बाई होती तिले मावशी सूनबाई म्हने. तिच्या संगं भांडे बी सूनबाई सारखीच. ते बाई म्हने, श्रोतेहो आता आयका तुमच्या आवडीचं गानं, का मावशी इकडून म्हने, कोनाच्या आवडीचं वं, तुह्या मायच्या? सकायी हेच वाढलं होतं ना तू. रांगोयी तेच काढ पन पाट त बदल. असं काहीबाही. अन् एक बोलनं तिचं ठरेल होतं, कालची भाकर तव्यावर ठेवली म्हनून ताजी होत नाई. ते सबन वस्तीच्या तोंडी बसलं होतं. माहा नवरा कामाहून आला अन् तेच तेच सांगाले लागला का मी बी म्हनो, कालची भाकर.

दिवायीले सारे घर चुन्यानं पोततात, तवा मावशी बी पोते. वर्साचे बोटं एका सकायी पांढरे होऊन जात. मी एकदा म्हनलं का मावशी, एवढं मोजलं अन् पुसून टाकलं. त म्हने पुसल्यानं गानं कमी वाजत नाई, पन भिताड त मोकयं होते. दुसऱ्या दिवशी वाटीत नवीन गेरू.

मावशी एकटीच नोती मोजनारी. कामरगावले एक रहीमभाऊ टेलर होते, त्यायले बी हाच नाद. दोघं फर्माईशीच्या कार्यक्रमाले फोन लावत, तवा रेडिओवरच एकमेकायचं नाव आयकून वयख झाली. रहीमभाऊ मशीनीपाशी काचेची बरनी ठेवत, गानं परत लागलं का एक बटन बरनीत. गान्यागान्याचे बटन येगयेगळे, शर्टाचे, पँटीचे, बिलाऊजचे हूक. सांजच्याले दोघायचा फोन चाले, अन् मधात भिताड एकच म्हनून मले सारं आयकू ये. मावशी म्हने तुमची मशीन खडखड करते, तुमी एका गान्याचे दोन टाकले. ते म्हनत असतीन का तुमी बजाराच्या दिवशी शेलूले बसता, तुमचं अर्ध हुकते. मंग दोघायनं ठरवलं का मावशीच्या बजाराच्या दिवशी रहीमभाऊचं मोजनं खरं, अन् शुक्रवारी दुपारून रहीमभाऊ नमाजले जात तवा मावशीचं खरं. जमिनीची वाटनी केल्यासारखं करत ते.

मले त्या टायमाले समजेच नाई का या म्हाताऱ्या मानसायले याचं एवढं काय पडलं हाये. मी सातवी पावतर शिकली, पुढं शाया दूर म्हनून सोडली, मले वाटे का गानं हाये, लागू द्या ना.

मंग माही पोरगी झाली. उलशीच झाली, वजन भरेच नाई. दवाखान्यातली सिस्टर दरखेपी काट्यावर ठेवे अन् तोंड वाकडं करे. नवरा कामाले बाहीर, सासू वावरात, अन् मी दिवसभर त्या लेकराच्या नाकापुढं बोट धरून बसो, श्वास चालू हाये का नाई. झोपली तरी भेव, रडली तरी भेव. पेली का ओके, ओकली का रडे, रडली का मी बी रडो. पोतडे धुवा, वायू घाला, परत तेच. दिवस कोनता हाये ते बी मले समजे नाई. फक्त भिताडापलीकडून रेडिओ ये, मोर, बांगडी, नाव, दोन डोये, त्याच्यावरून वाटे का दुनिया चालू हाये.

मावशी रोज सकायी येऊन लेकरू पायावर घे, तेल लावे. म्हने रडते तवरी भ्याचं नाई, चूप बसली का पाह्यजो. मले तवा ते बोलनं आवडे नाई. एक दिवस असंच तेल लावता लावता मी चिडून म्हनलं का मावशी, त्यायले गाने लावू देत जाय, काहून त्या सूनबाईच्या मांगं लागली. मावशीनं तेलाची वाटी बाजूले सारली. मंग तिनं सांगतलं.

तिची थोरली जाऊ होती, गोदाबाई. दोघी एकाच वावरात राबल्या, दोघीचा एकच चुला. मोठीचा गया लय चांगला. वाफ्यातून मेथी तोडता तोडता ओव्या म्हने, अन् मांगून मावशी अन् बाकीच्या बाया उचलत. एका वर्षी रेडिओ ठेसनची गाडी वस्तीवर आली होती, शेतातल्या बायायचे गाने भरून न्याले. वाफ्यातच उभं करून गाववून घेतलं. काही दिवसानं ते रेडिओवर लागलं बी. पन आपलाच आवाज डब्यातून आला म्हनून दोघी अशा हासल्या, अशा हासल्या, का गानं सरलं तरी हासूच सरलं नाई. आयकलंच नाई काही. म्हनल्या परत लावतीन तवा आयकू. परत लागलं नाई. अन् गोदाबाई एका पावसायात कावीयनं गेली. तिचा फोटू म्हनला त आधारकार्डावरचा, त्याच्यात बी डोये मिटेल. पोरंबायं नोते. आवाज तेवढा त्या ठेसनात.

मावशीनं फर्माईश लावली, एकदा नाई, वर्सानुवर्स. दरखेपी सूनबाई म्हने का कार्यक्रमात जागा नाई. तवापासून मावशीनं गेरूची वाटी मांडली. माह्या जाऊले जागा नाई अन् मोराले दिवसातून इतकेंदा जागा कुठून येते, एवढंच तिचं म्हननं होतं. रहीमभाऊ उगाच नादानं मोजत होते, त्यायले जवा हे समजलं तवा ते बी इचारत सुटले, आज आपल्या गोदाबाईचं लागलं का.

त्या वर्साच्या थंडीत दोघं ठेसनवर जाऊन आले. मावशी कामरगावपासून रहीमभाऊसंगं बसली, एसटीनं शयरात गेली. पिशवीत मेथी नेली होती, कोनाच्या दारी जाचं त खाली हातानं कसं. मले मांगून सारं सांगतलं तिनं. गेटवर लय वेय बसवलं. मंग एक साहेब आला, पोरगंच होतं, गयात कानाले लावाचं ते लटकवेल. रहीमभाऊनं बटनाची बरनी टेबलावर ठेवली. मावशीले वाटलं हा हासन. तो हासला नाई. म्हने मावशी, आता गाने मी लावतच नाई, कंपूटर लावते, पुढचं कोनतं येईन ते मले बी ठाऊक नसते. पयले इथं लय मानसं होते, आता मी एकटाच हाये. जुन्या टेपा एका अलमारीत हायेत, बऱ्याच वलीनं खराब झाल्या. पाह्यतो म्हने, पन शब्द देत नाई.

मले वाटलं मावशी रागानं येईन, भिताड भरून टाकीन. ते माह्या ओट्यावर येऊन बसली, पाय दाबत राह्यली. मंग म्हने, "तो पोरगा लय थकेल होता वं. त्याले बी दिवसभर तेच आयका लागते."

मेथी देल्ली का त्याले, मी इचारलं. देल्ली म्हने, पन त्याले निवडताच येत नोती, एकटाच राह्यते. मंग मावशीनं त्याच्या आफिसातच पेपर आंथरून निवडून देल्ली.

त्याच्या नंतर बी मावशी बोटं लावे, पन भांडे नाई. सूनबाई काही म्हनली त नुसतं हं म्हने. मले त्याचंच जास्त भेव वाटे.

उन्हाया लागता लागता रहीमभाऊचा फोन आला का साहेबाले टेप भेटली. चांगली हाये. सांजच्या कार्यक्रमात एखाद दिवशी मधात घालून देतो म्हनला, पन दिवस सांगता येत नाई, जागा निंघन तवा. रहीमभाऊ म्हनले मी मोबाईलमंधी भरून घेईन, तुमी फिकर करू नका. मावशीनं सांजच्यानं कुठं जानंच सोडलं. कोनाच्या वटभरनाले नाई, हयदीकुकवाले नाई. जुड्या बांधे, पन हातायले आवाज होऊ नाई अशा हयू बांधे. कोंबडी आली तरी हातानं हाकले, तोंडानं नाई.

त्या सांजी मी पोरगीले पाजून राह्यली होती. सासू देवळात गेली होती. पेता पेता लेकराले ठसका लागला, अन् मंग ते एकदम चूप झालं. तोंड उघडं, डोये मोठ्ठे, आवाज नाई. ओठ निये पडाले लागले. मी हालवलं, फुंकलं, नाव घेतलं, काहीच नाई. मी तशीच उचलून पयाली, पदराचं भान नाई, चपलीचं भान नाई, मावशीच्या वसरीत जाऊन उभी राह्यली.

मावशी रेडिओच्या जवय वाकेल होती. सूनबाई म्हनत होती का आता आयका आपल्या भागातल्या बायायच्या आवाजात. मंग पानी वाहाचा आवाज आला, पाटातलं पानी, अन् एका बाईनं वर आवाज उचलला. मावशीचा हात तसाच वर राह्यला. तिनं माह्याकडं पाह्यलं तवा तिच्या तोंडावर असं होतं का मी सांगूच शकत नाई, म्हंजे ते इथं नोतीच. अन् मंग तिनं लेकरू पाह्यलं.

जुडी फेकली तिनं. लेकरू माह्या हातातून हिसकून घेतलं, हातावर उपडं टाकलं, मान खाली, अन् पाठीवर थापा मारल्या. मले वाटलं मारते का काय हे. तोंडात बोट घातलं, परत थापा. रेडिओ चालूच होता. मंग लेकराच्या तोंडातून दुधाची गाठ पडली अन् ते असं रडलं, असं रडलं, का तेवढं ते जनमल्यावर बी रडलं नोतं. मी खाली बसली. मावशी त्याले खांद्यावर घेऊन अंगनात फिरत राह्यली, हो माय, हो माय करत, पाठ चोयत. मी म्हनलं मावशी दे माह्याजवय, तू आयक. पन तिनं देल्लं नाई. लेकरू चूप झालं तवा रेडिओवर पेटी वाजत होती. मोरवालं गानं लागलं होतं.

मावशी त्या टोपल्यापाशी येऊन बसली. मी म्हनलं रहीमभाऊनं भरलं असन. तिनं फोन लावला, लय वेयानं उचलला. गानं लागलं तवा रहीमभाऊ सांजच्या नमाजले गेले होते, मोबाईल दुकानात, दुकान बंद. फोनवर बी ते मोठ्यानं रडले, मले आयकू आलं. मावशीच त्यायले समजावत होती.

मंग तिनं मले इचारलं, तुले काही आयकू आलं का. मी म्हनलं सुरवातीचं आलं, एक ओयच. कोनती म्हने. मले गाता येत नाई, मी नुसतं म्हनून दाखवलं, 'मेथीच्या वाफ्यातून हयू टाक पाय बाई, मांगून येते माही धाकली जाऊबाई'. मावशी म्हने परत म्हन. मी परत म्हनलं. ते म्हने, "हे मले पाहून म्हने ते. माह्या पायाले काटा रुतेल होता तवाचं हाये." मंग लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला अन् म्हने, "लावतीन वं परत. त्यायले परत लावाची सवयच हाये."

त्याच्या नंतर लागलं नाई. ठेसनवर फोन केला त नुसती घंटी वाजे. रहीमभाऊ एकटे जाऊन आले, तो पोरगा तिथून गेला होता, कुठं गेला ते कोनाले ठाऊक नाई. मावशीनं भिताडावर नवं चित्र काढलं नाई. पन रेडिओ आता ते सोडेच नाई. वाफ्यात गेली त कमरेले बांधून ने, न्हानीत गेली त दारात ठेवे, अन् मोर लागला, बांगडी लागली का आधी जशी चिडे तशी चिडे नाई, गानं सरेपावतर थांबे, नंतरचं कोनतं येते ते पाहाले. सेल सरले का तिच्या तोंडचं पानी पये. पोरगा दोनदा न्याले आला अन् दोनदा तिनं वापस धाडला, तिकडं हे ठेसन लागत नाई म्हने. त्यानं मोबाईलमंधी काही काही लावून दाखवलं, हजारो गाने होते त्याच्यात. मावशी म्हने, हे असू दे बापा, पन माही जाऊ याच्यात नाई.

यंदा पावसाया सुरू झाल्यावर मावशी वाफ्यात घसरून पडली. खुबा मोडला. आपरेशन झालं, पन आता तिच्यानं एकटीनं होत नोतं. पोरगा तिसऱ्यांदा आला तवा मावशीनं नाई म्हनलं नाई. तेवढं थकेल मी तिले कवा पाह्यलं नोतं. जाच्या आदल्या दिवशी मले म्हने, तू सांजच्यानं आयकत जाय. लागलं त मले फोन लावजो अन् फोन तसाच रेडिओपाशी धरजो, बोलू नको. मी म्हनलं धरीन. मी आयकतो. भाकरी थापता थापता, लेकराले भरवता भरवता, नवऱ्याच्या जुन्या मोबाईलवर आयकतो. मोर लागते, नाव लागते. लेकरू मधात बोलाले लागलं का मी त्याच्या तोंडावर हात ठेवतो, अन् मंग मलेच भेव वाटते अन् काढून घेतो.

जाच्या दिवशी जीप शेलूच्या फाट्यावर उभी होती. पोरानं तिले उचलून मांगच्या शिटावर बसवलं, पाय लांब करता येईन अशी. डायवरनं आपले गाने जोरात लावेल होते, मावशीनं काही म्हनलं अन् त्यानं ते बंद केले. मी लेकराले काखेत घेऊन जवय गेली. लेकरानं टाटा केलं. मी म्हनलं मावशी, फोन करजो. तिनं मान हालवली, पन ते माह्याकडं पाहून नोती राह्यली. रेडिओ कानाले लावेल होता अन् त्याची लांब काडी खिडकीतून बाहीर काढेल होती, इकडं आमच्या वस्तीकडं. जीप निंघाली. मांगचं दार उघडंच होतं म्हनून मले ते दूर जाईपावतर दिसली. खरखर वाढली असन, कारन ते काडी उलशी इकडं फिरवे, उलशी तिकडं फिरवे. तिनं हात हालवला नाई. दोन्ही हात रेडिओलेच लागत होते.